सुपातली आठवी जागा

गेल्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्यापासून थोडं आत असलेल्या एका आगरी वस्तीत, लग्नाचे विधी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सुरू व्हायचे होते. ते अकरा वाजून बावन्न मिनिटांनी सुरू झाले. मधली बत्तीस मिनिटं मांडव माणसांनी भरलेला होता आणि धवलारीण गप्प उभी होती.

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात गाणी म्हणत विधी पार पाडणारी बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. धवल म्हणजे पांढरं, स्वच्छ. तिथून मंगल, आणि तिथून मंगल प्रसंगाचं गाणं, अशी या शब्दाची वाट सांगितली जाते. मी तिथे गेले ती या शब्दामागे.

मी अमरावतीची. तिथल्या एका दैनिकात सत्तावीस वर्षं उपसंपादक होते. निवृत्तीनंतर एका साप्ताहिकात शब्दांवर सदर लिहिते. सदरासाठी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली असे चार दिवस काढले. जे पाहिलं आणि ऐकलं ते क्रमाने देत आहे.

सोमवार, ठाणे

ठाण्याच्या कोर्टाबाहेर टेबलं टाकून अर्ज टाइप करून देणारे लोक बसतात. टाइपरायटर गेले, त्यांच्या जागी लॅपटॉप आणि छोटे प्रिंटर आले. टेबलं जुनीच आहेत. त्यातल्या मोरेकाकांसमोरची खुर्ची रिकामी होती.

"बसा. ॲफिडेव्हिट?"

"नाही. शब्दांबद्दल विचारायचं आहे."

"शब्दांचं काम आत, वकिलांकडे. इथे नुसतं टायपिंग."

तरी त्यांनी वेळ दिला. दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणते शब्द टाइप होतात, असं विचारल्यावर त्यांनी पडद्याकडे न बघता यादी सांगितली: अर्जदार, तारीख, मुदत, हजर, गैरहजर, जबाब, दाखला, दस्तऐवज. हे सगळे अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले, हे मी त्यांना सांगितलं. काकांना त्याचं विशेष वाटलं नाही. त्यांच्या पडद्यावर तेव्हा ‘विनंती अर्ज’ असा मथळा होता. मी म्हटलं, अर्ज या शब्दाचा मूळ अर्थच विनंती. म्हणजे हा मथळा ‘विनंती विनंती’ असा झाला.

काकांनी चष्मा वर केला. "बरोबरच आहे मॅडम. एकदा करून इथे कोण ऐकतंय?"

दुपारी तलावपाळीला मिसळ खाल्ली. पाळ म्हणजे तलावाचा काठ, बांध. रोज तिथे फिरायला येणाऱ्या एका जोडप्याला मी हा अर्थ विचारला. ते म्हणाले, "तलावपाळी म्हणजे तलावपाळी." मिसळवाल्याने "तिखट चालेल ना?" असं काळजीने विचारलं. अमरावतीच्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. रस्सा आला तो आमच्या तर्रीपुढे सौम्य होता. तसं मी बोलले नाही.

मंगळवार, कल्याण

सुमेध माझ्याच दैनिकात मुद्रितशोधक होता. पुढे मुंबईतल्या छापखान्यात नोकरी लागली आणि तो कल्याणला राहायला आला. आता तो रविवारी विहारात मुलांना पाली शिकवतो. सकाळी आम्ही खाडीपर्यंत जाऊन पारनाक्यावरून परत आलो. पार म्हणजे झाडाभोवतीचा कट्टा, नाका म्हणजे जकात घेण्याची जागा. पार आम्हाला दिसला नाही. जकात बंद झाली. नाव चालू आहे.

आदल्या दिवशी बसमध्ये कोणीतरी ‘ठाना’ म्हणालं, ते मी सुमेधला सांगितलं.

"हसलीस ना?" तो म्हणाला. "पालीत ठान म्हणतात. उभं राहायची जागा. तो माणूस तुझ्यापेक्षा जुनं बोलला."

"तो हिंदीमुळे तसं बोलला."

"कशामुळे का बोलेना. तुझी लाल पेन्सिल त्याच्यावर चालणार नाही, एवढंच सांगतोय."

पुढे तो पाण्यावर आला. बातमीदाराने ‘पानी’ लिहिलं की आम्ही दोघंही ‘पाणी’ करत असू. तो प्रुफावर, मी कॉपीत. मूळ शब्द ‘पानीय’. संस्कृतात न, पालीतही न. ण नंतरचा. जुन्यालाच शुद्ध म्हणायचं ठरलं, तर आम्ही इतकी वर्षं शुद्धाचं अशुद्ध करत होतो, असा सुमेधचा हिशोब. मी म्हटलं, शुद्ध म्हणजे जुनं नव्हे, ठरलेलं. सुमेध म्हणाला, "कोणी ठरवलेलं?" यावर आमचं एकमत झालं नाही.

माझी आई दर्यापूरकडची. ती पानी म्हणायची आणि डोळ्याला डोया. मी शाळेत असताना ते सोडलं. ही माहिती मी सुमेधला दिली नाही.

जेवायला बोंबलाचं कालवण होतं. सुमेधची बायको शीतल मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. मी धवल्यांची चौकशी करायला डोंबिवलीला जाणार, हे ऐकून तिने भात वाढता वाढता हात थांबवला.

"अहो, माझ्या शेजारच्या टेबलावरची वनिता! तिची सासू धवलारीण आहे, चांगुणाबाई. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. परवा गावात लग्न आहे आणि आता वनितालाच म्हणायचं आहे. पहिल्यांदाच. आठ दिवस झाले, खोके भरताना नुसते ओठ हलवत असते. सुपरवायझरने विचारलं, काय गं, मला शिव्या देतेस का?"

"आवाज काढत नाही?"

"नाही. मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही, असा त्यांच्या घरात नियम आहे."

हा नियम सगळ्या आगरी घरांत आहे का, मला माहीत नाही. या घरात होता. शीतलने तिथूनच फोन लावला. वनिताचं उत्तर आलं: "या म्हणावं, जेवायलाच या. पण धवले सांगणार नाही."

बुधवार, मानपाडा

शेअर रिक्षाने गेले. रिक्षा हा जपानी शब्द. मूळ शब्दात तीन तुकडे आहेत: माणूस, ताकद, गाडी. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातला माणूस गळून पडला. हे मी रिक्षावाल्याला सांगितलं. त्याच्या शेजारी चौथा प्रवासी अर्धा बाहेर बसला होता. रिक्षावाला म्हणाला, "इथे तर माणूस जास्तच आहे, ताई. सरका जरा."

पाडा म्हणजे लहान वस्ती. मुख्य रस्त्याला आता वीस-बावीस मजल्यांच्या इमारती आहेत. दोन इमारतींच्या मधून एक गल्ली आत जाते आणि जुनं गाव तिथे सुरू होतं. वनिताच्या घरासमोर चिंच, चिंचेखाली दुचाक्या. पलीकडे नवरीच्या घराचा मांडव घातलेला होता आणि त्यात हळदीसाठी साउंड सिस्टीम लावण्याचं काम चाललं होतं. हळदीची संध्याकाळ आता साउंडची असते, वनिता म्हणाली. धवले लग्नाच्या सकाळपुरते राहिले आहेत.

वनिता चाळिशीच्या आसपास. माझ्याशी कंपनीतलं मराठी बोलायची, सासूशी गावातलं, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेही अडखळायची नाही. चांगुणाबाई ओसरीवर खाटेवर बसलेल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे. स्वरयंत्रावरची गाठ काढून बारा दिवस झाले होते. शनिवारी ठाण्यात तपासणी होती आणि तोपर्यंत बोलायचं नव्हतं. कुजबुजायलाही मनाई होती. कुजबुजण्याने घशाला जास्त ताण पडतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्याजवळ स्टीलची ताटली आणि चमचा होता. एकदा वाजवलं की हो. दोनदा वाजवलं की नाही.

"आणि जास्त वेळा वाजवलं तर?"

"तर माझ्या माहेरचा उद्धार," वनिता म्हणाली.

चमचा एकदा वाजला.

तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं जेवले. आमची भाकरी ज्वारीची. ती थापताना आवाज होतो. ही पाण्याच्या हाताने, जवळजवळ मुक्याने होते. जेवताना मी धवले लिहून घेता येतील का, असं एकदा विचारून घेतलं. चमचा दोनदा वाजला. रेकॉर्ड? दोनदा.

"लिहिलं की लोक मांडवाशिवाय वाचणार," वनिताने खुलासा केला. "मी पण लिहिलं नाही. शाळेत होते तेव्हा वही केली असती, तर बाईंनी सगळ्या न चे ण केले असते. मी एकदा घरी येऊन आईला ‘पाणी दे’ बोलले. आई शेजारणीला सांगायला गेली, लय शिकली गो माझी पोर."

या लेखात धवल्यांचे शब्द नाहीत, ते या कारणाने.

एका शब्दाबद्दल मात्र बोलणं झालं. धवल्यांत एक शब्द वारंवार येतो, त्याचा अर्थ घरात कोणालाच माहीत नाही, असं वनिता म्हणाली. मी म्हटलं, शब्द सांगितलात तर शोधून बघते. तिने सासूकडे पाहिलं. चमचा वाजलाच नाही. मग वनिताच म्हणाली, "नको. अर्थ लावत बसले की ओळ सुटते."

अडचण काय आहे, ते दुपारी कळलं. धवलारीण ओळ म्हणते. मागे बसलेली जोडीदारीण तीच ओळ पुन्हा म्हणते. मग धवलारीण पुढची ओळ घेते. वनिता अकरा वर्षं जोडीदारीण होती.

"मला सगळं येतं," ती म्हणाली. "एक पण ओळ चुकत नाही. फक्त कुणीतरी आधी म्हटली पाहिजे. पहिली ओळ मी कधी काढलीच नाही ना. एकीनंतर कुठली, ते आयेला माहीत. मी आपली तिच्यामागून." सासूला ती आये म्हणते.

"सराव?"

"मांडवाशिवाय कसा करणार? आणि आये ओठ पण हलवत नाही. ओठ हलले की तिचा आवाज येतोच. परवा झोपेत म्हणायला लागली. मी धावत जाऊन तोंडावर हात ठेवला."

यावर सासूने काढलेला उपाय वनिताने मला दाखवला. प्रत्येक धवला एकेका वस्तूला बांधलेला असतो. ती वस्तू हातात घेतल्यावर तो धवला सुरू होतो. चांगुणाबाईंनी सूप मागवलं. डावीकडून उजवीकडे एकेक वस्तू ठेवली: उंबराची डहाळी, तांदूळ, हळकुंड, सुपारी, पाण्याचा तांब्या, नारळ, काळी पोत, तेलाची वाटी. वनिताने डहाळीला हात लावला. डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. थांबली, तांदळाला हात लावला, पुन्हा हलू लागले.

वर्तमानपत्राचं पान लावताना आम्ही कागदावर आधी चौकटी आखत असू. मजकूर नंतर यायचा. सूप मला तसं वाटलं. मी वही काढून आठ वस्तूंचा क्रम लिहिला. चमचा दोनदा वाजला.

"लिहू नका म्हणतेय."

"धवला नाही लिहिला, आजी. नुसत्या वस्तू."

चांगुणाबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. चमचा उचलला नाही. मी पान फाडलं नाही.

वनिताचा हात तेलाच्या वाटीशी आला आणि तसाच मागे गेला.

"हा नाही येत मला," ती म्हणाली. "याच्यात मागून म्हणायचं नसतं. नवरी मांडवातून निघते तेव्हा आये एकटीच म्हणते. सगळ्या रडत असतात, मी पण. ऐकलाय दरवेळी. तोंडातून कधी गेलाच नाही."

"मग?"

"बघू. सात झाले तरी लग्न लागतं."

चमचा दोनदा वाजला, जोरात.

नवरीचे वडील बाळाराम चहाच्या वेळेला आले. कपाळाला हळद, एका हातात फोन, दुसऱ्या हातात मांडवाच्या माणसांना द्यायची चहाची किटली. गावात दुसरी धवलारीण राहिलेली नाही. चांगुणाबाईंनी बाळारामांच्या लग्नात धवले म्हटले होते आणि मुलीच्या लग्नातही धवलेच व्हावेत, ही बाळारामांच्या आईचीही इच्छा होती. पण त्यांनी तयारी ठेवली होती.

"वनिता, राग नको मानू. सोयऱ्यांकडची मानसं येनार. मांडवात गप बसायची पाली आली तर माझी नाचक्की हाय. बाजूच्या हॉलमदी भटजी हायेत, मी बोलून ठेवलंय. माइक त्यांचाच."

"बोलून ठेवा ना. मी कुठे नाही म्हटलं?"

"तसं नाय गो. एकदा माइकवर झालं ना, मंग पुढच्याला पन माइकच पायजे. माझ्या धाकटीला पन. मना तेच वाईट वाटतंय."

ते गेल्यावर वनिताने सूप उचललं, वरून स्वच्छ पंचा टाकला आणि आत नेऊन ठेवलं.

"आये, उद्या तोंडात पदर धर. किती बी राग आला तरी सोडायचा नाय."

चमचा एकदा वाजला.

गुरुवार, मांडव

सकाळी साडेदहाला सूप मांडवात आलं. वनिताने ते पाटावर ठेवलं आणि ती नवरीला आणायला घरात गेली. पंचा काढल्यावर आठही वस्तू आदल्या दिवशीच्या क्रमाने होत्या. हे मी स्वतः पाहिलं.

पावणेअकराला फोटोग्राफर आला. दिवा गावाहून आलेला, तिशीतला, कामात नीटस. त्याने सुपाकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि खाली बसला. नारळ मधोमध आला. हळकुंड आणि सुपारी त्याच्या दोन बाजूंना. डहाळी मागे, सुपाच्या काठाला टेकवलेली. काळी पोत नारळाभोवती गोल. तांब्या उजवीकडे, त्यावर प्रकाश पडेल असा. तांदूळ त्याने पुढे पसरून त्यांची नक्षी केली. तेलाची वाटी त्याने उचलली आणि मागच्या एका खुर्चीखाली नेऊन ठेवली.

"कुणाच्या साडीवर सांडलं तर लफडा होईल," तो मला म्हणाला. "आणि आता बघा ताई, फ्रेम कशी दिसते. एकदम झक्कास."

दिसत चांगलीच होती. तेव्हा मी काही बोलले नाही. घडत असलेल्या गोष्टीत हात घालायचा नाही, ही जुनी सवय. नोंद करायची म्हणून सांगते.

अकरा वीसला वनिता सुपासमोर उभी राहिली. मागे म्हणायला तिच्या दोन नणंदा बसल्या होत्या. चांगुणाबाई त्यांच्या शेजारी खालच्या पाटावर, तोंडात पदराचा बोळा धरून. गेली अकरा वर्षं त्या जागेवर वनिता बसत होती.

वनिताने सुपाकडे पाहिलं. डहाळी तिला सापडली, ती उचलली. मग पुन्हा सुपाकडे पाहिलं. डहाळी खाली ठेवली.

"काय झालं?" एका नणंदेने विचारलं.

"कुणी हलवलं हे?"

फोटोग्राफर तिच्या चेहऱ्याचा फोटो घेत होता.

ती पुन्हा डहाळी घेऊन उभी राहिली. पहिली वस्तू डहाळी, हे तिला माहीत होतं. पण तिने नंतर मला सांगितलं त्याप्रमाणे, पुढचं समोर दिसत नसेल तर पहिलंही तोंडात येत नाही. अकरा तीसला नवऱ्याकडच्या एका बाईने मोठ्याने विचारलं, "चालू कवा होनार?" अकरा पस्तीसला बाळारामांनी फोन काढला. जवळ येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "वनिता, लावू का फोन? बोल ना गो. लावू का?"



माझ्या पिशवीत वही होती आणि वहीत क्रम होता. अकरा चाळीसला मी उठले. वही उघडून, पान वर धरून वनिताकडे निघाले. वाटेत चांगुणाबाई होत्या. त्यांनी बसल्या बसल्या हात वर केला, पंजा पानावर ठेवला आणि वही मिटवली. मग माझ्याच खांद्याचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या.

सुपाशी जाऊन त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि पाटावर पालथं केलं.

"आजी! आजी, फ्रेम!" फोटोग्राफर ओरडला.

नारळ घरंगळत बाळारामांच्या पायाशी गेला. तांब्यातलं पाणी सतरंजीवर सांडलं. चांगुणाबाईंनी रिकामं सूप सरळ केलं आणि एकेक वस्तू उचलून ठेवायला सुरुवात केली. डहाळी. तांदूळ त्यांनी मुठीने गोळा केले. त्याला वेळ लागला. हळकुंड. सुपारी. तांब्या त्यांनी बाळारामांपुढे धरला, ते स्वतः भरून घेऊन आले. नारळ त्यांनीच उचलून दिला. काळी पोत. मग म्हाताऱ्या बाईचा हात पाटावरून फिरला, पाटाखाली फिरला. तेलाची वाटी मिळाली नाही. त्यांनी सुपात उजवीकडे वाटीएवढी जागा मोकळी सोडली आणि जाऊन आपल्या पाटावर बसल्या. पदर पूर्ण वेळ तोंडात होता.

बाळारामांनी फोन खिशात ठेवला.

अकरा बावन्नला वनिताने डहाळी हातात घेतली आणि पहिली ओळ काढली. आवाज आधी बारीक होता, दुसऱ्या ओळीपासून भरला. नणंदांनी ओळ मागून म्हटली. तिसऱ्या धवल्यात त्या चुकल्या. वनिताने न थांबता तीच ओळ पुन्हा घेतली. एका वयस्क बाईने शेजारणीला सांगितलं, "चांगुनाचाच आवाज हाय." शेजारीण म्हणाली, "नाय गो. ही ओरडत नाय." चांगुणाबाईंनी दोघींकडे पाहिलं. ताटली-चमचा घरी राहिला होता.

सातवा धवला संपला तेव्हा लग्न लागलेलं होतं. जेवणं झाली. माझ्या पानात वडे होते आणि वाढणारे विचारायला तीनदा आले. आमच्याकडे दोनदा येतात.

दोन वाजता नवरी निघाली. मांडवाचं सामान न्यायला टेम्पो येऊन उभा होता. तेच कापड आणि बांबू संध्याकाळी दुसरीकडे लागायचे होते. बायका रडायला लागल्या. वनिताही रडत होती. सूप आत न्यायला ती वाकली आणि तशीच थांबली. सात वस्तू वापरून झाल्या होत्या. उजवीकडची जागा रिकामी होती.

मी खुर्चीखालून तेलाची वाटी आणून त्या जागेवर ठेवली.

वनिता सासूकडे वळली. "आये, नाय येत मना. तुला माहीत हाय ना."

चांगुणाबाईंनी तोंडातला पदर काढला. मांडवात पहिल्यांदा. लोकांकडे पाठ करून त्या वनितासमोर आल्या, अगदी जवळ. वनिताने भीतीने त्यांच्या तोंडाकडे हात नेला. त्यांनी तो बाजूला केला. मग त्यांचे ओठ हलले. मी चार फुटांवर होते. आवाज आला नाही.

वनिताने ओठांकडे पाहिलं आणि ओळ म्हटली.

ओठ पुन्हा हलले. तिने पुढची ओळ म्हटली. चौथ्या ओळीला ती अडली. तिने मान हलवली. सासूने ओठ सावकाश हलवले, तरी तिला ते कळलं नाही. तिसऱ्या वेळी कळलं. नवरी मांडवाच्या तोंडाशी थांबून होती. टेम्पोच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाळाराम त्याच्याकडे गेले आणि टेम्पोच्या दाराशी उभे राहिले. हॉर्न पुन्हा वाजला नाही.

धवला संपल्यावर वनिताने वाटीतलं तेल मांडवाच्या पहिल्या मेढीशी ओतलं. नवरी बाहेर पडली. दोन वाजून चोवीस मिनिटांनी पहिला बांबू सुटला.

शुक्रवारी मी निघाले. वहीतलं ते पान अजून माझ्याकडे आहे. बाळारामांनी धाकटीच्या लग्नासाठी वनिताला गुरुवारीच विचारलं होतं. तिने हो म्हटलं, पण फोटोग्राफरने सुपाला हात लावायचा नाही, अशी अट घातली.

शनिवारी चांगुणाबाईंची ठाण्यात तपासणी झाली. वनिता सोबत होती. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि काहीतरी बोलून दाखवा म्हणाले. त्या काय बोलल्या, हे मी संध्याकाळी शीतलला फोन करून विचारलं. शीतलने वनिताला विचारून कळवलं.

त्यांनी पाणी मागितलं. शब्द होता ‘पानी’.